गवतासाठी उपाशी

सरकारवर आमच्या साडूंइतकं प्रेम या भूतलावर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्या प्रेमाची पत्रं माझ्याच हातून आवक व्हायची. बीडमधल्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावकच्या टेबलावर बसत असे. कार्यालय कोणतं ते विचारू नका, माझी पेन्शन अजून चालू व्हायची आहे. खिडकीतून आत येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, पोच द्यायची आणि कागद आतल्या कपाटांच्या दिशेनं सोडून द्यायचा, एवढंच माझं काम. त्या खिडकीतून दर सोमवारी आमचे साडू, म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, एक अर्ज आत सारायचे. एस.टी.चा संप असो, गावात लग्न असो, अर्ज यायचाच. एकदा ते तापानं फणफणले होते, तर त्यांच्या बदली त्यांच्या मंडळी, आमच्या अक्का, आल्या. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात माझ्यासाठी धपाट्यांचा डबा. "पोच मिळाल्याबिगर डबा देऊ नको म्हणलेत," असं सांगून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मी पोच दिली. धपाटे गरम होते.

साडू राहायचे घाटनांदूरच्या अलीकडच्या एका खेड्यात. रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे मुक्कामाला यायचे. सोमवारी सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं वंदना व्हायची, मग आम्ही दोघं एका ताटलीतले पोहे खाऊन एकाच स्कूटरवर निघायचो. कार्यालयाच्या अलीकडं पानपट्टी आहे. तिथं ते माझ्या पाठीवर थाप मारून उतरायचे. "थांबा. हितून म्होरं आपली वळख न्हाई." मग ते पायी येणार, रांगेत उभे राहणार, आणि त्यांची पाळी आली की खिडकीत वाकून म्हणणार, "नमस्कार साहेब. अर्ज द्यायचा हाय." मी मान वर न करता विचारायचं, "नाव?" ते सगळं नाव, गाव, तालुका सांगायचे आणि मी ते लिहून घ्यायचो. एकदा उन्हाचे लई तापलेले दिसले म्हणून मी त्यांना रांगेतून पुढं बोलावलं. पुढच्या सोमवारी त्यांचा अर्ज आला, विषय : आवक लिपिक नातेवाइकांना रांग मोडून सेवा देतात याबाबत. मीच शिक्का मारला. घरी आल्यावर मी तोंड पाडून बसलो, तर म्हणाले, "साडूभाऊ, राग मानू नका. खिडकीच्या आत सरकार बसतंय. सरकाराला साडू नसतो."

नोकरीभर ते पशुधन पर्यवेक्षक होते. तेलगाव धरून जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांचं पाणी प्यायलेले. गावं त्यांना डॉक्टर म्हणायची आणि ते दर वेळी "पर्यवेक्षक, पर्यवेक्षक" असं दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर जनावरं सुटली, पण तपासायचा हात सुटला नाही. आणि तो हात माणसांवरही पहिल्यापासूनच चालायचा. माझं लग्न ठरलं त्या बैठकीत सगळे मला पगार विचारत होते, आणि या गृहस्थांनी पुढं होऊन माझ्या डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढली, आत बघितलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "रक्त बरं हाय. करून टाका." आमच्या साहेबांचं दुखणं तर त्यांनी नुसतं बघून ओळखलं. अर्जावर चर्चा करायला म्हणून आत बोलावलं होतं. साहेब नियम सांगत होते, साडू त्यांच्या पोटाकडं बघत होते. नियम संपल्यावर म्हणाले, "साहेब, डावी कूस फुगल्याली दिसती. बैलाला आपण गोडं तेल पाजतो. तुमाला निम्मं चालंल." साहेबांनी नंतर मला खासगीत विचारलं, निम्मं म्हणजे किती.

आता एवढे अर्ज कशाबद्दल, तर गवताबद्दल. त्यांच्या गावाला एक मोठं गायरान आहे. सरकारी कागदात त्याला पडीक म्हणतात आणि हा शब्द साडूंना आईवरून शिवी दिल्यासारखा लागतो. "पडीक कशाला म्हणतेत? शेडा, पवना, मारवेल, नाना परीचं गवत हाय. टिटवी अंडी घालती, चंडोल गातो, लांडग्याचं बिऱ्हाड हाय. बापू धनगराची शंभर मेंढरं जगत्यात. एवढं राबणारं रान तुमच्या हापिसात तरी हाय का?" हे सगळं ते अर्जात लिहायचे, आणि संविधानातलं मूलभूत कर्तव्यांचं पान हातानं उतरवून सोबत जोडायचे. पुरावा म्हणून गवताच्या काड्या पाकिटातून यायच्या. कुसळं मात्र पाकिटात राहत नाहीत. ती माझ्या रजिस्टरात, टेबलाच्या फडक्यात आणि एकदा साहेबांच्या खुर्चीच्या गादीत गेली. त्या दिवशी साहेबांनी चार बैठका उभ्यानं घेतल्या आणि सगळ्या लवकर संपल्या. घरी आमची ही साडूंना दारातच उभं करून, धोतराचा सोगा झटकल्यावर आत घ्यायची. "दाजी, माळ भाईर ठिवा आन् तुमी आत या," असं म्हणायची.

झाडांवर त्यांचा राग होता असं समजू नका. ओढ्याकाठची झाडं, बांधावरची झाडं, शाळेपुढचा लिंब, सगळ्यांसाठी ते भांडले आहेत. पण त्यांचं म्हणणं, माळाला गवत आणि ओढ्याला झाड. "म्हशीला पंख लावले म्हणून ती लई सुखी व्हईल का?" आणि नेमकी त्यांच्याच माळावर वृक्षलागवडीची योजना आली. सगळ्या गायरानावर खड्डे घ्यायचे, भोवती चर खणायचा, आत चराई बंद. कागद बघून साडू तीन दिवस माळावरच हिंडत राहिले. चौथ्या दिवशी आमच्याकडं आले आणि चहा पिता पिता शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, उपोषणाला बसतो. तुमच्याच दारात. माळ गेला तर मी जगून करू काय?" मी चहा बशीत ओतत होतो तो सांडला.

तर पर्यावरण दिनाच्या तीन दिवस आधी, झाडं लावू नका या मागणीसाठी एक पर्यावरणवादी आमच्या कार्यालयापुढं उपोषणाला बसला. त्यांनी बीडच्या एका पेंटरला फलक सांगितला होता, 'माळावर झाडे लावू नका'. पेंटर बिचारा सज्जन. म्हाताऱ्याची लिहिण्यात चूक झाली असं समजून त्यानं 'माळावर झाडे लावा' असं सुधारून दिलं आणि कोपऱ्यात एक वडाचं झाड फुकट काढलं. साडूंनी कोळशानं 'लावा'च्या पुढं 'यची न्हाईत' असं लिहिलं, पण जागा थोडी, अक्षर बारीक. रस्त्यावरून फक्त वडाचं झाड दिसायचं. माणसं यायची, पाया पडायची, फोटो काढायची. क्लासला जाणाऱ्या पोरींनी त्यांच्याशेजारी बसून घोषणा दिल्या त्याही झाडं लावा अशाच. एक सद्गृहस्थ पाठिंबा म्हणून गुलमोहराचं रोप देऊन गेले. त्यांचं बघून दुसरे आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मंडपात चौदा रोपं झाली, आणि आमचे साडू पोटात अन्नाचा कण नसताना स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्या रोपांना घालत बसलेले. मी म्हणालो, "अहो, हे काय चाललंय?" तर ते म्हणाले, "रोपाचा काय गुन्हा? त्येला कुणी इचारून आणलंय का?" शेजारच्या मंडपात रस्त्यासाठी बसलेले लोक हसत होते, आणि त्यांचं बघून मलाही हसू आलं. पण त्यांचे ओठ सुकलेले होते, तेही मला दिसत होतं.

पर्यावरण दिनाच्या सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. अकरा वाजता मोठे पाहुणे येणार होते, आवारात रोप लावणार होते, आणि दारात पर्यावरणासाठी उपाशी माणूस बसलेला. "त्यांचं म्हणणं मान्य करून टाका," साहेब म्हणाले, "लेखी आश्वासन द्या आणि दहाच्या आत मंडप उठवा." माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू. साडू जिंकले होते. आता आमच्या कार्यालयात लेखी आश्वासन कुणी नव्यानं लिहीत नाही. तो रिवाजच नाही. कॉम्प्युटरवर मसुदे तयार असतात, रस्त्याचा, पाण्याचा, अतिक्रमणाचा, पर्यावरणाचा. नाव बदलायचं, गाव बदलायचं, तारीख टाकायची आणि साहेबांपुढं सहीला ठेवायचं. मी पर्यावरणाचा मसुदा उघडला, आनंदाच्या भरात साडूंचं नाव टाकलं, गाव टाकलं, गायरानाचा गट नंबर टाकला आणि धावत सही घेऊन आलो. साहेबांनी वाचलं नाही, कारण मसुदा त्यांना पाठ होता. मी वाचलं नाही, कारण मलाही पाठ होता.

मंडपात साहेबांनी पत्र आणि मोसंबीचा रस पुढं केला. आमचे साडू म्हणजे कागदाखाली पट्टी धरून एकेक ओळ तीनदा वाचणारा माणूस. सत्यनारायणाचं निमंत्रण कुणी दिलं तरी ते तसंच वाचतात आणि मग जात नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी पट्टी काढली नाही. माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "तुमीच लिवलंय का?" खिडकीबाहेर सरकारी वेळेत ते माझ्याशी नात्यानं बोलले, ती पहिली खेप. मी मान हलवली. त्यांनी खाली 'आश्वासन मान्य, उपोषण मागे' असं लिहून सही केली आणि रस प्यायले. फोटो निघाले. पाहुण्यांनी साडूंना हाताला धरून नेलं आणि त्यांच्याच हस्ते आवारात रोप लावून घेतलं.

त्या संध्याकाळी आमच्या हिनं पिठलं-भाकरी केली होती. साडूंनी एक भाकरी खाल्ली, मग चष्मा लावून पत्र काढलं, पट्टी धरली आणि वाचलं. दुसरी भाकरी ताटात तशीच राहिली. मी म्हणालो, तीन दिवसांचं पोट आहे, बेतानंच घ्या. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "पेन्शनला किती राहिलं तुमाला?" मी म्हणालो, दोन वर्षं. ते "बरं" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

पुढच्या सोमवारी अर्ज आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साडूंचा रविवारचा मुक्कामही बंद झाला, आणि फोनवर अक्का 'बरं हाय' यापुढं काही सांगायच्या नाहीत. जिंकलेला माणूस कशाला येईल, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं तर सोमवारची ती रांग बघवत नव्हती, आणि कुसळं न टोचणारं रजिस्टर मला आवडत नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला एक फाईल माझ्या टेबलावरून जावक व्हायला आली. वर लिहिलं होतं, 'ग्रामस्थांच्या आग्रही मागणीवरून वृक्षलागवड, पहिला टप्पा पूर्ण, दुसरा टप्पा येत्या पावसाळ्यात'. आत साडूंचा रस पितानाचा फोटो आणि त्याच्याखाली माझं पत्र. त्यात अडीच ओळी होत्या, की आपल्या मागणीनुसार सदर गायरानावर वृक्षलागवड तातडीने हाती घेण्यात येईल. आमच्या दारात आजवर पर्यावरणासाठी जो बसला तो झाडं लावा म्हणूनच बसला होता. मसुद्याला दुसरी मागणी माहीतच नव्हती. आणि मला माहीत असून मी ती बदलली नव्हती. कुणीतरी अंगावर उकळतं पाणी ओतावं तसं झालं.

रविवारी पहिल्या गाडीनं गेलो. अक्कांनी दारातच सांगितलं, "माळाला गेलेत. कुणी बोलत न्हाई त्येंच्याशी. बापू म्हणला, डॉक्टर, आमचं काय चुकलं व्हतं, तुमी सरकाराकडं झाडं कावून मागितली. ह्येंनी नुसती खाली मान घातली." माळावर निम्म्या भागाला चर पडला होता. तोंडाशी हिरवा फलक होता, त्यावर साडूंचं पूर्ण नाव आणि खाली 'यांच्या उपोषणातून साकारलेले वन'. वन कसलं, गुडघ्याएवढी रोपं, बरीचशी वाळलेली. आणि त्या उन्हात आमचे साडू सायकलला दोन घागरी बांधून एकेका रोपाला तांब्या तांब्या पाणी घालत होते. ज्या झाडांविरुद्ध ते तीन दिवस उपाशी राहिले त्यांचा गावात दुसरा वाली नव्हता.

मी जवळ गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मसुदा, घाई, अडीच ओळी. सांगताना रडू आलं, ते मी लपवलं नाही. साडूंनी हातातला तांब्या आधी पुढच्या रोपाला रिकामा केला.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्याच सांच्याला वाचलं व्हतं. पिठलं खाताना."

"मग अर्ज का नाही दिला? एका अर्जात दुरुस्ती झाली असती."

"अर्ज दिला की चौकशी लागली असती. मसुदा कुणाचा, तर तुमचा. दोन वर्सं राहिलेली. वर तुमी माझे साडू, म्हंजे संगनमत." त्यांनी घागर कलती केली. "इचार केला, गवत दमाचं हाय. आज उपटलं तर धा वर्सांनी पुना येतं. पेन्शन गेली की येत न्हाई."

"आणि गावाला खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माझ्या साडूनं चूक केली म्हणून? त्यापरीस माझीच चूक बरी."

सरकाराला साडू नसतो म्हणणारा हा माणूस. मला त्यांचा राग आला, अगदी मनापासून राग आला, आणि त्या रागातच मी दुसरी घागर उचलली. दुपारपर्यंत दोघांनी मिळून पाणी घातलं.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली आणि माझ्याच खिडकीच्या रांगेत उभा राहिलो. आत माझ्या जागी बसलेल्या पोराएवढ्या लिपिकानं मान वर न करता विचारलं, "नाव?" मी पूर्ण नाव सांगितलं. अर्जात लिहिलं होतं की सदर आश्वासनाचा मसुदा मी तयार केला, तो मागणीच्या नेमका उलटा आहे, चूक सर्वस्वी माझी आहे, सबब उरलेल्या माळावर खड्डे घेऊ नयेत. साहेबांनी बोलावून घेतलं. "आणखी वर्षभर गप्प बसता येत नव्हतं का हो तुम्हाला?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि कळवळाच जास्त होता. मला कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा गेला, खुलाशावर चौकशी लागली ती अजून चालू आहे, आणि मला रेकॉर्ड रूममध्ये हलवलं. गायरानाच्या फाईलवर आदेश निघाला, दुसरा टप्पा पुढील आदेशापर्यंत स्थगित. पुढील आदेश कधी येतात हे आवक-जावकच्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार.

साडूंना कळलं तेव्हा ते माझ्यावर आठ दिवस चिडून होते. आमच्या हिला फोनवर म्हणाले, "तुज्या नवऱ्याला अक्कल न्हाई." नवव्या दिवशी निरोप आला की या, माळ बघून जा.

सकाळीच गेलो. डावीकडं चर आणि त्यांनी जगवलेली रोपं, उजवीकडं वाळून सोनेरी झालेलं गवत, आणि त्यात लांबवर बापूची मेंढरं. साडू पुढं, मी मागं. अर्ध्यात गेलो असू, तेवढ्यात एक टिटवी उठली आणि ओरडत माझ्याच डोक्यावर घिरट्या घालायला लागली. जवळ कुठंतरी खड्यांत तिची अंडी असणार. साडूंकडं ती ढुंकून बघत नव्हती, मीच तिच्या डोळ्यांवर आलो होतो. मी जागच्या जागी थांबलो. तिच्या ओरडण्यावरून मला वाटलं, ही सगळं जाणून आहे.

साडूंनी माझा दंड धरला, मला आपल्या मागं घेतलं आणि वर बघून हात जोडले.

"जातो बाई, जातो," ते म्हणाले. "वरडू नको. घरचेच हायेत ते."